सम्राट गोमांस खाऊ लागला, कापणाऱ्याचा विटाळ मात्र गेला नाही

कोरियन मालिकांनी आपल्या वस्त्यांतल्या पोरींना वेड लावले आहे. 'बुलगोगी', 'रामेन', 'किमची' हे शब्द आता पुण्या-मुंबईच्या मॉलपुरते राहिलेले नाहीत. मोबाईलवर 'घरच्या घरी कोरियन मटण', 'जपानी हॉटपॉट' असे व्हिडिओ बघून मुली घरी प्रयोग करतात. मांसाचे पातळ काप, आले-लसूण, सोया सॉस आणि ढीगभर हिरवा पाला, एवढे त्याचे साधे सूत्र. मला यात काहीच वावगे वाटत नाही. उलट मसाला आणि तेल कमी, पाला जास्त, म्हणून मी स्वतः घरी करते आणि बचत गटातल्या बायकांनाही करून दाखवते.

पण समाजशास्त्र शिकलेल्या आणि जय भीम म्हणणाऱ्या माणसाला ताटात बघताना एक प्रश्न पडतोच: हे मांस कापले कोणी? आपल्याकडे हा प्रश्न विचारला की उत्तरात जात येते. जपान-कोरियात विचारला तर काय येते? पुष्कळांना वाटते की तिकडे बौद्ध धम्म होता, म्हणून तिकडे जात नव्हती. हा गोड गैरसमज आहे आणि तो आपणच, बौद्धांनीच, आधी सोडला पाहिजे.

जपानपासून सुरुवात करू. इ.स. ६७५ मध्ये सम्राट तेन्मूने एक हुकूम काढला. गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस खाण्यास मनाई. जपानी इतिहासाच्या कोणत्याही पुस्तकात हा हुकूम बौद्ध करुणेचा पुरावा म्हणून दिलेला असतो. पण हुकूम नीट वाचला तर दोन गोष्टी खटकतात. एक, मनाई बारमाही नव्हती, चौथ्या महिन्यापासून नवव्या महिन्यापर्यंत होती. म्हणजे नेमका भातशेतीचा हंगाम. दोन, हरीण आणि रानडुक्कर या यादीत नाहीत, आणि शिकारीत सर्वात जास्त मिळणारे मांस तेच होते. करुणा जर खरी असेल तर ती हरणाच्या वाट्याला का आली नाही? नांगराचा बैल आणि ओझ्याचा घोडा शेतीच्या दिवसांत कोणी कापू नये, ही राज्याची गरज होती. तिला धर्माचे वस्त्र नेसवले गेले.

इथे विनयाची आठवण करून दिली पाहिजे. देवदत्ताने तथागतांकडे पाच मागण्या केल्या, त्यात भिक्खूंनी आयुष्यभर मासे-मांस खाऊ नये ही एक होती. बुद्धांनी ती सक्ती नाकारली. आपल्यासाठी मारलेले पाहिले नाही, ऐकले नाही, तशी शंकाही नाही, असे त्रिकोटी-परिशुद्ध मांस भिक्खूला चालते, असा पाली विनयाचा नियम आहे. माणूस, हत्ती, घोडा, कुत्रा, साप, सिंह, वाघ असे दहा प्रकारचे मांस मात्र वर्ज्य सांगितले. संघाला शाकाहाराची सक्ती झाली ती कितीतरी नंतर, चीनमध्ये, सहाव्या शतकात लिआंग घराण्याच्या सम्राट वू याच्या काळात. म्हणजे जपानला जो धम्म पोचला तो चीन-कोरियाच्या राजदरबारातून गाळून पोचला होता. आपल्या सम्राट अशोकाच्या शिलालेखांत सुद्धा गोवधाची सरसकट बंदी नाही, हे बाबासाहेबांनी 'अस्पृश्य मूळचे कोण' या १९४८ च्या ग्रंथात दाखवून दिलेच आहे.

तर जपानमध्ये हळूहळू मांस 'अशुद्ध' ठरले. त्यांच्या शिंतो परंपरेत 'केगारे' नावाची कल्पना आहे. आपल्या मराठीत तिच्यासाठी तयार शब्द आहे, विटाळ. मृत्यूचा विटाळ, रक्ताचा विटाळ. बौद्ध अहिंसा आणि शिंतो विटाळ यांची गाठ पडली आणि त्यातून एक माणूस तयार झाला: मेलेले जनावर ओढणारा, कातडे सोलणारा, चामडे कमावणारा. तोकुगावा राजवटीत, म्हणजे १६०३ नंतर, या माणसाला कायद्याने वेगळे काढले. त्याला 'एता' म्हणत. या शब्दाची चिनी अक्षरे वाचली तर अर्थ निघतो, 'पुष्कळ घाण'. दुसरा गट 'हिनिन', अर्थ 'अ-माणूस'. वेगळी वस्ती, वेगळी नोंदवही, लग्ने आपसांत, गुन्हेगारांना फाशी देण्याचे आणि प्रेते उचलण्याचे काम त्यांच्या गळ्यात. शेतकऱ्याचा बैल जिवंत असेपर्यंत शेतकऱ्याचा. मेला की त्याच्यावर त्या इलाख्यातल्या एतांचा हक्क, मोबदला न देता. येसकराच्या आणि महारकीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या वाचकाला मी यापुढे काही समजावून सांगायला नको.

गंमत अशी की मांस खाणे काही थांबले नव्हते. रानडुकराच्या मांसाला 'बोतान' म्हणजे एक फूल म्हणायचे, हरणाच्या मांसाला 'मोमिजी' म्हणजे मेपलचे पान, घोड्याच्या मांसाला 'साकुरा'. रानडुकराचे आणखी एक नाव 'डोंगरातला देवमासा'. मासा खाल्लेला चालतो ना, मग हाही मासाच! हिरोशिगे या चित्रकाराच्या एदो शहराच्या प्रसिद्ध चित्रमालेत बर्फात उभ्या असलेल्या अशा दुकानाची पाटी स्पष्ट दिसते. आपल्याकडेही 'वशाट', 'खाटखुट' असे आडपडद्याचे शब्द आहेतच. आणि वरच्यांचे काय? हिकोने संस्थानचे सरदार मिसोत मुरवलेले गोमांस थेट शोगुनाला नजराणा म्हणून पाठवत. ते 'औषध' असे. औषध म्हणून खाल्लेल्या मांसाने शोगुन बाटत नसे. त्या बैलाचे कातडे सोलणारा मात्र बाटलेला.

आता १८७१-७२ ही दोन वर्षे लक्ष देऊन बघा, कारण सगळा कळीचा मुद्दा इथे आहे.

मेइजी सरकारला देश आधुनिक करायचा होता. १८७१ च्या मार्चमध्ये हुकूम निघाला की मेलेल्या जनावराची विल्हेवाट कोणीही लावू शकेल. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दुसरा हुकूम निघाला, एता आणि हिनिन ही नावे आणि दर्जा रद्द. पुढच्या जानेवारीत सम्राट मेइजीने गोमांस खाल्ल्याची बातमी जाहीर करण्यात आली. एप्रिलमध्ये बौद्ध पुरोहितांना मांस खाण्याची, लग्न करण्याची, केस वाढवण्याची मुभा देण्यात आली. साधारण बाराशे वर्षांची बंदी सव्वा वर्षात गुंडाळली. कानागाकी रोबुन नावाच्या लेखकाने त्याच सुमारास 'आगुरानाबे' हे विनोदी पुस्तक लिहिले. त्यात गोमांसाच्या भांड्याभोवती मांडी घालून बसलेली नाना तऱ्हेची माणसे आहेत आणि जो गोमांस खात नाही तो मागासलेला, असा एकूण सूर आहे. योकोहामा बंदरात तर १८६८ पासूनच मिसोत शिजवलेले गोमांस आणि लांब पातीचा कांदा यांचे 'ग्यूनाबे' विकले जात होते. पुढे त्यातून आणि कान्साई भागातल्या पद्धतीतून आजची 'सुकियाकी' बनली: गोमांसाचे पातळ काप, टोफू, कांद्याची पात आणि 'शुंगिकू' नावाची शेवंतीच्या कुळातली सुगंधी, किंचित कडवट पालेभाजी.

म्हणजे विटाळाचे कारण कायद्याने गेले, विटाळाचे नाव कायद्याने गेले, आणि खुद्द देवाचा वंशज मानला जाणारा सम्राट गोमांस खाऊ लागला. मग अस्पृश्यता संपायला हवी होती की नाही?

झाले उलटेच. एतांना लोक 'शिन-हेइमिन' म्हणू लागले, म्हणजे 'नवे सामान्यजन'. त्या 'नव्या'तच सगळे आले. १८७३ साली मिमासाका भागात, आजच्या ओकायामा प्रांतात, शेतकऱ्यांचा उठाव झाला. राग सरकारच्या सक्तीच्या लष्करभरतीवर आणि इतर धोरणांवर होता, पण हल्ला झाला तो या वस्त्यांवर. माणसे मारली, शेकडो घरे जाळली. 'आता हे आमच्या बरोबरीने वागतात' ही त्यातली खरी बोच होती. १९६८ च्या किळवेणमणीपासून खैरलांजीपर्यंत आपण हे वाक्य वेगवेगळ्या भाषांत ऐकले आहे.

आणि पोटाचे काय झाले? मेलेल्या जनावरावरचा परंपरेचा हक्क गेला, कारण आता तो सर्वांना खुला झाला. एदोतल्या एतांचा वंशपरंपरागत प्रमुख 'दांझाएमोन' असे. शेवटच्या दांझाएमोनने, दान नाओकीने, अमेरिकन कारागीर आणवून चामड्याचा आणि बुटांचा कारखाना काढला. तो धंदा त्याच्या हाती टिकला नाही. सैन्याला बूट हवे होते, चामड्यात पैसा दिसू लागला होता आणि भांडवलवाले आत शिरले. विटाळ होता तेव्हा धंदा यांचा. पैसा आला तेव्हा धंदा त्यांचा, आणि विटाळ पुन्हा यांच्याच नावावर. हा व्यवहार ज्याला कळला त्याला जातीचे अर्थशास्त्र कळले असे मी म्हणेन.

इथे काही मित्र एक आक्षेप घेतात. बाबासाहेबांनी गोमांसभक्षण हे अस्पृश्यतेचे मूळ सांगितले. जपानमध्ये सगळेच गोमांस खाऊ लागले तरी अस्पृश्यता राहिली, तर मग बाबासाहेबांचा सिद्धांत चुकला का? मला हा आक्षेप घाईचा वाटतो. बाबासाहेबांची मांडणी नीट पाहा. इतरांनी, विशेषतः ब्राह्मणांनी, बौद्ध धम्मावर मात करण्यासाठी गोमांस सोडले. गुप्तकाळात गोवध हा महापातकी गुन्हा झाला. गावाबाहेर राहणारे, गरीब आणि बौद्ध असलेले पराभूत लोक मेलेल्या गाईचे मांस खात राहिले आणि सुमारे इ.स. ४०० च्या आसपास त्यांच्यावर अस्पृश्यतेचा शिक्का बसला. हा शिक्का कसा बसला याचा तो सिद्धांत आहे. मांस खाणे थांबवले किंवा सगळ्यांनी सुरू केले की शिक्का आपोआप पुसला जाईल, असे त्यांनी कुठेही म्हटलेले नाही. तसे वाटले असते तर महाडनंतर त्यांना धर्मांतराची घोषणा करायची गरजच पडली नसती. शिक्का एकदा जन्माला चिकटला की तो पदार्थाला चिकटलेला राहत नाही. जपानचा इतिहास हेच दाखवतो आणि म्हणून तो मला बाबासाहेबांच्या बाजूचा साक्षीदार वाटतो.

बौद्ध म्हणून मला सर्वात जास्त टोचणारी गोष्ट वेगळीच आहे. हे बुराकुमिन (आज त्यांना हा शब्द वापरतात, 'वस्तीतले लोक') बहुसंख्येने जोदो शिन्शू पंथाचे बौद्ध. त्यांची विहारे वेगळी. 'एता-देरा', म्हणजे एतांची विहारे, असा शब्दच होता. जपानमध्ये माणूस मेला की भिक्खू त्याला धम्मनाम देतो आणि ते थडग्यावर कोरतात. या लोकांच्या थडग्यांवर 'पशू', 'चामडे', 'हीन', 'नोकर' अशा अर्थाची अक्षरे घुसडलेली नावे सापडली आहेत. मेल्यावरही जात! १९७९ साली अमेरिकेत प्रिन्स्टनला भरलेल्या जागतिक धर्म आणि शांतता परिषदेत सोतो झेन पंथाच्या एका ज्येष्ठ प्रतिनिधीने, माचिदा मुनेओने, जपानमध्ये असा भेदभावच नाही असे सांगून टाकले. बुराकु चळवळीने पाठपुरावा केला, तेव्हा १९८४ मध्ये त्यांनी ते विधान मागे घेतले आणि पंथाला स्वतःचा इतिहास तपासावा लागला. चैत्य आणि मूर्ती असली की समता येते, या भ्रमात ज्यांना राहायचे असेल त्यांनी ही थडगी आठवावीत. बाबासाहेबांनी आपल्याला नवयान दिले, कुठल्याही देशाचा तयार बौद्ध पंथ उचलून दिला नाही, याचे एक कारण इथे सापडते.

३ मार्च १९२२ ला क्योतोमध्ये या लोकांनी 'सुइहेइशा' ही संघटना स्थापन केली. अर्थ, समतल करणाऱ्यांचा संघ. तिचा जाहीरनामा लिहिणारा साइको मानकिची हा याच समाजातल्या एका विहाराच्या घरात जन्मलेला तरुण. काळ्या झेंड्यावर रक्ताच्या रंगाचा काटेरी मुकुट हे त्यांचे निशाण. आपले महाड त्यानंतर पाच वर्षांनी. फुकुओकाचा मात्सुमोतो जिइचिरो पुढे या चळवळीचा अध्यक्ष झाला. युद्धानंतर १९४७ मध्ये तो वरिष्ठ सभागृहाचा उपाध्यक्ष बनला. सम्राटासमोर जाताना पाठ दिसू नये म्हणून खेकड्यासारखे आडवे चालत जाण्याची रीत होती. १९४८ मध्ये मात्सुमोतोने ती पाळायला साफ नकार दिला. माणसासमोर माणसासारखा जाईन, एवढीच त्याची भूमिका होती.

कोरियाची गोष्ट थोडक्यात सांगते, पण ती वगळता येणार नाही, कारण आज फॅशन तिचीच आहे. खाटीक आणि टोपल्या विणणाऱ्या भटक्या लोकांना तिथे 'ह्वाचोक' म्हणत. १४२३ मध्ये राजा सेजोंगने त्यांना सामान्य शेतकऱ्यांसाठी वापरला जाणारा 'बेकजोंग' हा शब्द दिला, म्हणजे ते लोकांत मिसळतील. परिणाम काय? शेतकऱ्यांनी तो शब्दच टाकून दिला आणि बेकजोंग ही शिवी झाली. 'हरिजन' शब्दाची चिकित्सा करणाऱ्याला यापेक्षा चांगले उदाहरण मिळणार नाही. बेकजोंगांनी रेशीम घालायचे नाही, सभ्य लोकांची काळी टोपी घालायची नाही, डोक्यावर बांबूची वेगळी टोपी. १८९४ च्या सुधारणांत हा भेद कायद्याने रद्द झाला, पण पुढे जपानी राजवटीतल्या कुटुंब-नोंदींत त्यांच्या नावापुढे लाल ठिपका किंवा 'खाटीक' अशी खूण येत राहिली. मुलाला शाळेत घेतले नाही या कारणावरून ठिणगी पडली आणि एप्रिल १९२३ मध्ये जिंजू गावात 'ह्योंगप्योंगसा' स्थापन झाली. ह्योंगप्योंग म्हणजे तराजूची समता. ज्या तराजूत मांस तोलत होते तेच त्यांनी प्रतीक केले! विरोधकांनी काय करावे? जिंजूच्या शेतकऱ्यांनी त्यांच्या मांसावरच बहिष्कार टाकला. तरी जपानच्या सुइहेइशाशी या संघटनेने संबंध जोडले, राज्यकर्त्या देशातले अस्पृश्य आणि गुलाम देशातले अस्पृश्य एकमेकांशी बोलू लागले. आज सोलमध्ये आणि अमेरिकेत भाजलेल्या मांसाच्या एका प्रसिद्ध हॉटेल-साखळीच्या नावातच 'बेकजोंग' शब्द आहे. लोक रांगा लावून जातात, लेट्यूसच्या आणि पेरिलाच्या पानात मांस, लसूण आणि चटणी गुंडाळून 'स्साम' खातात. शिवी ब्रँड झाली. ज्यांना ती शिवी घातली जात होती त्यांचा त्यात किती वाटा, हे कोणी विचारत नाही.

आता चांगले मांस वरच्यांकडे गेले, तर खालच्यांच्या घरी काय उरले? आतडी, वजडी, फुफ्फुस, हाडे. ओसाका भागात याला 'होरुमोन' म्हणतात. 'होरु मोनो', म्हणजे फेकून द्यायची वस्तू, यावरून तो शब्द आला अशी एक लोकप्रिय व्युत्पत्ती आहे. भाषातज्ज्ञ तिच्यावर वाद घालतात, पण लोकांना ती पटते हेच पुरेसे बोलके आहे. तिथल्या बुराकु वस्त्यांत गाईची आतडी तळून चरबी काढून घेतात आणि उरलेला कुरकुरीत भाग 'आबुरा-कासू' म्हणून भाज्यांत, नूडल्सच्या रश्श्यात टाकतात. दुसरा पदार्थ 'साइबोशी', घोड्याचे किंवा गाईचे मांस पट्ट्या काढून सुकवलेले. हे वाचताना मराठवाड्यातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर दोरीवर वाळत घातलेल्या चान्या आल्याशिवाय राहणार नाहीत. उएहारा योशिहिरो या ओसाकाच्या बुराकु वस्तीतून आलेल्या लेखकाने २००५ मध्ये या अन्नावर पुस्तक लिहिले आणि त्यासाठी तो अमेरिकेतल्या काळ्यांच्या, युरोपातल्या रोमांच्या, नेपाळमधल्या अस्पृश्यांच्या चुलीपर्यंत फिरला. आपल्याकडे शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ चे. त्याआधी २००९ मध्ये पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्राने दलितांच्या अन्नाच्या आठवणींवर पुस्तिका काढली होती. या माणसांनी एकमेकांना न भेटता एकच काम केले आहे.

फुकुओकाचे 'मोत्सुनाबे' याच घराण्यातले. मोत्सु म्हणजे आतडी-वजडी, नाबे म्हणजे भांडे. युद्धानंतरच्या काळात तिथल्या कोरियन खाणकामगारांनी ॲल्युमिनियमच्या भांड्यात आतडी आणि 'निरा' नावाची लसणासारख्या वासाची पात सोया सॉसमध्ये शिजवली, तिथून ते सुरू झाले असे मानतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तोक्योत त्याची लाट आली आणि कामगारांचे जेवण फॅशन झाले. त्याच तोक्योच्या शिबाउरा मांसबाजारात कत्तलखान्यातल्या कामगारांना आजही जातीवाचक शिव्यांची निनावी पत्रे येतात. कामगारांनी ती लपवली नाहीत. तिथल्या माहितीदालनात ती लावून ठेवली आहेत. १९७५ मध्ये बुराकु वस्त्यांच्या पत्त्यांची गुप्त यादी कंपन्यांना विकली जात असल्याचे उघड झाले होते, म्हणजे नोकरी देताना पत्त्यावरून जात ओळखता यावी. बुराकु भेदभावविरोधी कायदा व्हायला डिसेंबर २०१६ उजाडले.

आपल्यातलाच एक आक्षेप राहिला. बाबासाहेबांनी महाडला मेलेल्या जनावराचे मांस सोडा म्हणून सांगितले, आणि तुम्ही वजडीचे गुणगान करता? फरक साधा आहे. मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांनी मृताहार आणि उष्टे सोडायला सांगितले, कारण ते गावकीच्या गुलामीचा पगार होते. त्यांनी शाकाहाराची दीक्षा दिली नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये त्यांनी गरजेपोटी मारणे आणि मारण्याची इच्छा यांत फरक केला आहे. बाजारात पैसे मोजून आणलेली ताजी वजडी ही पड नव्हे. धम्म घेतल्यावर कोणी स्वखुशीने मांस सोडले असेल तर त्याचा आदर आहे. पण 'आम्ही आता खात नाही हो' हे शेजारच्या सवर्णाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगणे हे शील नव्हे, त्याला समाजशास्त्रात संस्कृतीकरण म्हणतात.

आता घरी कसे करायचे ते सांगते. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने गाय, बैल, वळू यांच्या कत्तलीवर बंदी आहे. त्याची झळ कुरेशी, चर्मकार आणि भाकड बैल दावणीला बांधून बसलेला शेतकरी अशा तिघांनाही बसली, तो वेगळ्या लेखाचा विषय. म्हशीचे मांस मिळत असेल तर ते घ्या, नाही तर बोकडाची वजडी-आतडी अर्धा किलो, चार माणसांना पुरते. गरम पाण्यात बुडवून काळा थर खरवडून काढा, मीठ चोळून तीन-चार पाण्यांनी धुवा. आले ठेचून टाकलेल्या पाण्यात एक उकळी आणा आणि ते पाणी फेका. मग नव्या पाण्यात कुकरला मऊ होईपर्यंत शिजवा. हा रस्सा ठेवायचा. पसरट पातेल्यात रस्सा, चार चमचे सोया सॉस, दहा-बारा लसूण पाकळ्यांचे काप, दोन सुक्या लाल मिरच्या. सोया सॉस खारट असतो, मीठ चाखूनच घाला. वजडी टाका, वर कोबीचे मोठे तुकडे रचा आणि झाकण ठेवा. कोबी बसला की कांद्याची पात आणि लसणाची पात एकेक जुडी, बोटभर लांब चिरून, वरून भाजलेले तीळ. पात दोन मिनिटांपेक्षा जास्त शिजवू नका, रंग गेला की चवही जाते.

शुंगिकूच्या जागी मी करडईचा कोवळा पाला वापरते. दोन्ही एकाच कुळातल्या वनस्पती, चवीला तसाच कडवटपणा. थंडीत मुळ्याचा पालाही छान लागतो. कोरियात तर मुळ्याचा पाला आणि कोबीची बाहेरची टाकाऊ पाने वाळवून ठेवतात आणि हाडांच्या रश्श्यात घालतात. बाजार उठताना भाजीवाली बाई ही पाने फुकट देते, मागून घ्या. फुकुओकात शेवटी उरलेल्या रश्श्यात जाड नूडल्स टाकतात. आमच्याकडे कालची ज्वारीची भाकरी कुस्करतो.